वार्लपिरी मुलखातला हिशेबनीस

मध्य ऑस्ट्रेलियाच्या तांबड्या वाळवंटात, आदिवासींच्या दूरदूरच्या वस्त्यांवर नोकरीनिमित्त येऊन राहणारी बाहेरची माणसे तीनच प्रकारची असतात, असे त्या मुलखात पूर्वापार सांगण्यात येते: धर्मप्रसारक, पोटार्थी आणि जगात अन्यत्र कोठेही न खपलेली. या वर्गीकरणाचा विशेष असा की, बाकीचे सर्वजण कोणत्या वर्गातले आहेत हे ज्याला त्याला तत्काळ ओळखता येते आणि आपण स्वतः मात्र अद्याप नामकरण न झालेल्या एखाद्या चौथ्या, उदात्त वर्गातले आहोत अशी प्रत्येकाची मनोमन खात्री असते. हा घोळ टाळण्यासाठी मी आल्या आल्याच आपण पोटार्थी असल्याचे जाहीर करून टाकले. कारण मेलबर्नमधील एका हिशेब-तपासनिसांच्या पेढीत दुसऱ्यांच्या आयकराची चिंता वाहता वाहता अर्धे आयुष्य गेल्यावर, वस्तीच्या मालकीच्या किराणा दुकानाचा हिशेबनीस ही जागा मी पत्करली, ती राहावयास घर, हिंडावयास टोयोटा आणि शहरापेक्षा चार पैसे अधिक वेतन, एवढ्या तीन ऐहिक कारणांसाठीच पत्करली होती. वस्तीवर मोटारदुरुस्तीचे काम पाहणारा गोरा गृहस्थ हा तिसऱ्या वर्गाचा सर्वमान्य मुकुटमणी होता. त्याने माझे निवेदन शांतपणे ऐकून घेतले आणि "येताना सगळे पोटार्थीच असतात, वर्ग बदलायला दोन उन्हाळे लागतात," असा अभिप्राय दिला.

शहर सोडून रानात जाऊन राहावे ही कल्पना मुळात शहरातच जन्मते. रानात जन्मलेल्या माणसाला ती सुचण्याचे काही कारण नसते. मेलबर्नच्या ट्रॅममध्ये दुसऱ्याच्या कोपराचा उपद्रव सोसत उभ्या असलेल्या मनुष्याच्या डोळ्यांपुढे जे वाळवंट तरळते, त्यात अथांग आकाश, निःशब्द चांदणे आणि विचारमग्न अवस्थेत बसलेला तो स्वतः, एवढ्याच वस्तू असतात. पैकी आकाश आणि चांदणे यांबाबत अतिशयोक्ती मुळीच नाही. दोन्ही वर्णनाबरहुकूम आणि मुबलक मिळतात. निःशब्दतेचे प्रकरण मात्र निराळे आहे. उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो म्हणून, आणि एरवीही आवड म्हणून, वस्तीतील कुटुंबेच्या कुटुंबे घराबाहेर अंगणात गाद्या टाकून ओळीने निजतात. प्रत्येक घराच्या आश्रयाला पाळलेल्या, अर्धवट पाळलेल्या आणि नुसत्याच आलेल्या कुत्र्यांचे एक मंडळ असते आणि या मंडळांचे सीमावाद रात्रीच सुनावणीस निघतात. सायलेन्सर गळून पडलेली एखादी मोटार, तीत मावतील त्याहून अधिक तरुणांना घेऊन, गावाला प्रदक्षिणा घालीत असते. आणि हे सर्व थोडे ओसरून हिशेबनिसाचा डोळा लागतो न लागतो तोच त्याच्या दारावर थाप पडते, कारण कोणाची तरी बॅटरी उतरलेली असते आणि जंपर केबल दुकानाच्या टोयोटात असते हे सर्व गावाला ठाऊक असते. ज्याला एकान्तच हवा असेल त्याला मेलबर्नची ट्रॅम अधिक सोयीची. तेथे कोपर लागले तरी कोणी बोलत नाही.

ॲलिस स्प्रिंग्ज हे गाव उत्तरेच्या डार्विनपासून आणि दक्षिणेच्या ॲडलेडपासून जवळजवळ सारखेच, म्हणजे सुमारे 1500 किलोमीटर दूर आहे. तेथून वायव्येस निघणारा तनामी रस्ता हजारेक किलोमीटर वाळवंट कापीत पश्चिम ऑस्ट्रेलियातील हॉल्स क्रीकपर्यंत जातो आणि वार्लपिरी लोकांचा मुलूख त्याच्या दोन्ही अंगांस पसरलेला आहे. त्यांची युएन्दुमू ही मोठी वस्ती 300 किलोमीटरांच्या आत लागते. सरकारने ती 1946 साली शिधावाटपाचे ठाणे म्हणून वसविली. माझे गाव त्याहून लहान आणि त्याहून आडबाजूस होते. त्याचे नाव येथे देत नाही, कारण पुढे जे लिहावयाचे आहे ते बव्हंशी माझ्या आप्तांविषयी आहे, आणि आप्तांविषयी लिहिताना पत्ता घालू नये एवढा व्यवहार मला कळतो.

या जमिनीवर पाऊल ठेवण्यापूर्वी परवाना काढावा लागतो. 1976 च्या जमीनहक्क कायद्यान्वये हा मुलूख त्याच्या मूळ मालकांकडे परत आला आहे आणि आगंतुकाने आपले नाव, काम आणि मुक्कामाची मुदत लिहून त्यांच्या वतीने काम पाहणाऱ्या सेंट्रल लँड कौन्सिलकडे रीतसर अर्ज करावा असा दंडक आहे. ज्या खंडात 1788 पासून आलेल्या कोणीही दारावर टकटक म्हणून केलेली नाही, तेथे घरधन्याची अनुज्ञा घेऊन आत शिरण्याचा हा योग मला मोठा समाधानकारक वाटला; शिवाय खिडकीशी उभे राहून कागद पुढे सरकविण्याचा सराव आम्हा हिंदी मंडळींना असतोच.

परवान्यावाचून आत शिरलेले माझे एकच देशबांधव मला या वाळवंटात भेटले, ते म्हणजे उंट. 1860 साली बर्क आणि विल्स यांच्या सुप्रसिद्ध आणि तितक्याच फसलेल्या मोहिमेसाठी 24 उंट कराची बंदरातून जहाजावर चढविण्यात आले, आणि कराची त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत असे, ही बाब मी तेथे ज्याला त्याला आवर्जून सांगत असे. पुढे हजारो उंट आले, त्यांना हाकणारे पठाण, बलुची आणि पंजाबी आले, मग मोटारी आल्या, आणि कामावरून कमी केलेले उंट रानात मोकळे सुटून त्यांचा अफाट वंशविस्तार झाला. 2009 सालच्या अवर्षणात सुमारे 6000 उंटांनी डॉकर रिव्हर या साडेतीनशे लोकवस्तीच्या गावावर पाण्यासाठी चाल केली, नळ उखडले, वातानुकूलन यंत्रांतील ओलाव्यासाठी ती यंत्रेही मोडली. एकदा नोकरीवर आणलेला परदेशी मनुष्य काम संपल्यावर परत न गेल्यास काय होते याचे उदाहरण म्हणून ही हकिकत मला नव्या गावात फार लवकर ऐकविण्यात आली.

वार्लपिरींच्या लेखी मनुष्यजातीचे दोन विभाग आहेत: यापा, म्हणजे ते स्वतः आणि त्यांच्यासारखे इतर आदिवासी, आणि कार्डिया, म्हणजे गोरे, व त्यांच्यामागून आलेले बाकीचे सगळे. ज्याच्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी वर्णाबाबत 'निमगोरा म्हणता येईल' अशी कष्टाने तडजोड केली होती, तो मी वाळवंटात उतरताच कोणत्याही चौकशीवाचून गोऱ्यांत जमा झालो, आणि गोऱ्यांनी तेथे आजवर जे जे करून ठेवले आहे त्याचा वारसाही मला त्या क्षणापासून लागू झाला.

परंतु कार्डिया म्हणून माणूस फार दिवस तसाच मोकळा सोडता येत नाही, कारण ज्याचे कोणाशीच नाते नाही त्याच्याशी वागावे कसे, बोलावे कोणत्या सुरात, आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडे काय मागावे, हे ठरविता येत नाही. वार्लपिरी समाज आठ विभागांत वाटलेला आहे. प्रत्येक विभागाला पुरुषांसाठी 'ज'पासून आणि स्त्रियांसाठी 'न'पासून सुरू होणारे एकेक नाव आहे, आणि कोणी कोणाशी विवाह करावा व त्यांची मुले कोणत्या विभागात जावीत हे पक्के ठरलेले आहे. दुकानातील काउंटरवर बसणाऱ्या प्रौढ बाईंनी एका सकाळी मला सहज स्वरात कळविले की मी जपालजारी झालो आहे. म्हणजे माझी पत्नी, जी त्या वेळी मेलबर्नमध्ये गाढ झोपेत होती, ती आपोआप नकमारा झाली. आमचे चिरंजीव जुंगारायी झाले. आणि त्या चिरंजीवांना पुत्र होईल तो पुनश्च जपालजारी होणार. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपल्याकडे जी हौस आहे ती येथे अशी नियमबद्ध आहे. इरावती कर्वे यांनी 1953 साली भारतातील आप्तसंबंधांवर जो ग्रंथ लिहिला, तो लिहिणाऱ्या बाईंना हा कोष्टक-प्रपंच चहाचा पेला रिकामा होण्याच्या आत उलगडला असता. मला तो दुकानाच्या ताळेबंदामागे पेन्सिलीने मांडून भिंतीला लावावा लागला, आणि येणारी-जाणारी पोरे त्यावर बोट ठेवून माझी तोंडी परीक्षा घेत असत.

या कोष्टकातून माझ्या पदरी जे पडले त्याची व्याप्ती मला हळूहळू कळली. साठीचे आजोबा माझे पुत्र निघाले. शाळेच्या दुसरीतील एक मुलगी माझी आत्या निघाली, आणि आत्या या नात्याने ती मला आइस्क्रीम मागण्यास पूर्ण अधिकारी होती. आणि नपनांग्का विभागातील यच्चयावत स्त्रिया माझ्या सासवा ठरल्या.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण हा विषय महाराष्ट्रीय वाचकाच्या जिव्हाळ्याचा आहे. वार्लपिरी जावयाने सासूशी बोलावयाचे नसते, तिच्याकडे पाहावयाचे नसते, तिच्याबरोबर एका खोलीत किंवा एका मोटारीत बसावयाचे नसते. ती समोरून येत असेल तर त्याने वाट वाकडी करावी, आणि तो येत असेल तर तिने. यात वैमनस्याचा लवलेश नाही, उलट हा आदराचा परमावधी आहे. आदर वाढवीत नेला म्हणजे दोन माणसांत अंतर पडते हे आपणही जाणतो. त्यांनी तो शेवटपर्यंत नेला एवढेच. माझ्यासारख्या मानीव जावयाला या नियमात बरीच सवलत असते आणि तिचा उपयोग मुख्यतः गावाच्या करमणुकीकडे होतो. एका दुपारी एका वृद्ध नपनांग्का बाईंना दवाखान्यात न्यावयाचे होते आणि गावात चालू स्थितीतली गाडी माझ्याच हाताखालची होती. पुष्कळ हास्यविनोद आणि विचारविनिमय होऊन अशी तडजोड ठरली की बाईंनी अगदी मागच्या बाकावर, डोक्यावरून ब्लँकेट घेऊन, मागच्या काचेकडे तोंड करून बसावे, आणि मध्ये त्यांच्या नातीने बसावे. गाडी सुरू झाली. मागून ब्लँकेटमधून काही पुटपुटल्याचा आवाज आला आणि नातीने गंभीरपणे मला सांगितले, "आजी म्हणते, जपालजारीला खड्डे चुकवायला येत नाहीत." मी उत्तरादाखल रस्त्याच्या अवस्थेबद्दल दोन शब्द बोललो, ते, वास्तविक हातभर अंतरावर असलेल्या बाईंच्या कानी आधीच पडले असूनही, नातीने पुन्हा त्यांना सांगितले, बाईंनी ते ऐकून घेतले आणि नातीकरवी निकाल दिला, "आजी म्हणते, आधीच्या कार्डियालाही येत नव्हते."

ही हकिकत मी रात्री फोनवरून घरी सांगितली तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हे सगळं तुम्ही मनानंच काढलेलं दिसतंय." तथापि त्यांनी ती पुण्यास आपल्या मातोश्रींना कळविली, आणि त्याच ओघात, वार्लपिरी जावयाने शिकारीतला वाटा सासुरवाडीला नित्यनेमाने पोहोचवावा लागतो, हेही कळविले. ज्यांनी अधिक महिन्यात मला मोजून 33 अनारसे, तेही चांदीच्या ताटलीत घालून, दिले होते, त्या मातोश्रींनी वार्लपिरी पद्धतीबद्दल आपले मत फार अनुकूल असल्याचा निरोप उलट टपाली पाठविला.

आता माझ्या मूळ धंद्याकडे वळतो. दुहेरी नोंदीच्या जमाखर्चात प्रत्येक नाव्याला कोठे तरी जमा असते, या श्रद्धेवर माझे अर्धे आयुष्य गेले होते. तिला पहिला तडा मागण्याच्या पद्धतीने गेला. या मागण्याला त्या प्रदेशातील इंग्रजीत हंबग म्हणतात आणि ते पहाटेपासून सुरू होते. "जपालजारी, वीस डॉलर." यात आर्जव नाही, कारण सांगणे नाही, आणि मिळाल्यावर आभार तर नाहीतच, कारण मागणारा उपकार मागत नसून नात्याची वहिवाट चालवीत असतो, आणि वहिवाट चालविल्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानीत नाही. युएन्दुमूच्या वार्लपिरींमध्ये दीर्घकाळ काम केलेले मानववंशशास्त्रज्ञ निकोलस पीटरसन यांनी 1993 साली या व्यवहारावर निबंध लिहून, मागितल्यावर देणे हा औदार्याचाच एक प्रकार कसा आहे, हे विद्वज्जनांना पटवून दिले. निबंध वाचून समजतो. पण गाडीच्या किल्ल्या मागितल्या गेल्यावर त्याचा काही आधार वाटत नाही. देणे ज्याच्या जिवावर येते त्याने स्पष्ट 'नाही' म्हणावयाचे नसते. 'मागाहून', 'गुरुवारी', 'आत्ताच आत्याने नेले' अशी उत्तरे द्यावयाची असतात, आणि ती खोटी आहेत हे दोन्ही पक्षांस ठाऊक असल्यामुळे कोणाचा अपमान होत नाही.

जमेची बाजू कोठे आहे हे मला उशिरा दिसले, कारण मी ती डॉलरच्या रकान्यात शोधीत होतो. कांगारू भाजून वाटले जाते तेव्हा कोणता अवयव कोणत्या नात्याला जावयाचा हे ठरलेले असते, आणि एके संध्याकाळी शेकोटीवरून उतरलेले, राख झटकलेले, बाहेरून कोळसा आणि आतून मऊ असे शेपटाचे एक पेर, न मागता, पानात न घालता, सरळ माझ्या हातात ठेवण्यात आले. त्याची किंमत कोणत्या खात्यावर लिहावी याचा निर्णय मी अद्याप केलेला नाही.

तथापि गावाने माझा खरा उपयोग शोधून काढला तो याहून सूक्ष्म होता. मागितल्यावर द्यावेच लागते अशा समाजात पैसा साठवावयाचा तर तो स्वतःजवळ असून चालत नाही. म्हणून पगाराच्या दिवशी माझे एक मामा हळूच मागील दाराने येत, शंभर डॉलरची नोट माझ्या टेबलावर ठेवीत आणि "लपव," एवढेच सांगून जात. तासाभराने मामांचे भाचे पुढील दाराने येत. "मामांचे पैसे तुझ्याकडे आहेत, ते दे." मी सांगे, "हिशेब लागलेला नाही." भाचे माझ्याकडे अतीव करुणेने पाहत आणि निघून जात, आणि मामा ओट्यावर बसून सर्वांस ऐकू जाईल अशा आवाजात, हा कार्डिया फार चिक्कू आहे, याला माणुसकी म्हणून नाही, असे खेदाने बोलत. अशा ठेवीदारांची संख्या वाढत गेली, आणि थोड्याच काळात मी या उदार गावाचा अधिकृत कृपण म्हणून मान्यता पावलो. वेतनपत्रकात या कामाचा उल्लेख नव्हता. परंतु माझ्या सर्व शिक्षणाचा त्या वस्तीला जो काही लाभ झाला असेल, तो येथेच झाला.

हे सर्व सुरळीत चालू असता, आठवड्यातून एकदा तरी, सरकार आकाशातून उतरत असे. धुळीच्या धावपट्टीवर एक लहान विमान येई, त्यातून टोप्या घातलेले आणि पाण्याच्या बाटल्या धरलेले तीन-चार अधिकारी उतरत, झाडाखाली सभा भरे, आणि काळोख पडण्यापूर्वी विमान परत उडाले पाहिजे या एकमेव अटीवर गावाच्या पुढील पाच वर्षांचे भवितव्य ठरविण्यात येई. अधिकारी योजनेचा तक्ता उलगडून विचारी, "तुम्हा सर्वांना हे मान्य आहे ना?" सर्वजण म्हणत, मान्य आहे. तो दप्तरी 'सर्वानुमते संमत' असा शेरा मारी. पुढील महिन्यात दुसऱ्या खात्याचा अधिकारी नेमकी उलट योजना घेऊन येई. तीही सर्वांना मान्य असे. परक्याने तळमळून काही विचारले असता त्याला होकार देऊन मोकळे करावे, ही तेथली सभ्यता आहे. सभेच्या एका कडेला वृद्ध स्त्रिया बसलेल्या असत आणि त्यांच्यापैकी कोणी तोंडातून शब्द काढीत नसे. मात्र त्यांचे हात सारखे चालू असत. पतिनिधनानंतर वार्लपिरी विधवा दीर्घकाळ मौन पाळते, आणि त्या मौनात अडून राहू नये म्हणून या बायकांनी हातांच्या खुणांची अशी परिपूर्ण भाषा घडविली आहे की ॲडम केंडन या अभ्यासकाने 1988 साली तिच्यावर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. खुणांच्या भाषेतून त्या दिवशी कोणत्या धोरणात्मक मुद्द्याचा ऊहापोह चालला होता, असे मी मागाहून त्या नातीला विचारले. "त्याच्या बुटांचा," ती म्हणाली.

या नम्र होकारामागे जे आहे त्यावर हसता येत नाही. 1928 साली याच मुलखात, कोनिस्टनच्या आसपास, एक गोरा शिकारी मारला गेल्याचा सूड म्हणून पोलीस शिपाई मरे याच्या नेतृत्वाखालील टोळीने आठवडेच्या आठवडे हिंडून वार्लपिरी व त्यांच्या शेजाऱ्यांना गोळ्या घातल्या. सरकारी मोजदाद 31, वार्लपिरींच्या स्मरणातली कितीतरी अधिक. आणि चौकशी समितीने सर्व गोळ्या समर्थनीय ठरविल्या. झाडाखाली बसलेल्या काही वृद्धांचे आईबाप त्या वेळी डोंगरांत लपून वाचलेले होते. बाहेरून आलेल्या आणि हातात कागद असलेल्या माणसाशी वाद घालावयाचा नाही, हे शहाणपण त्यांना वारशाने मिळालेले आहे. 2007 साली संघसरकारने आणीबाणी पुकारून 73 वस्त्यांत लष्कराच्या साहाय्याने प्रवेश केला, निम्मे सरकारी साहाय्य सरकार सांगेल त्याच वस्तूंवर खर्च होईल अशी व्यवस्था केली, आणि हे सर्व कायद्यात बसावे म्हणून वंशभेदाला बंदी करणारा 1975 चा कायदाच त्यापुरता बाजूस ठेवला. वस्त्यांच्या वेशींवर दारू आणि अश्लील चित्रे यांना मनाई करणारे प्रचंड निळे फलक लागले. वार्लपिरी वस्त्यांवर दारूबंदी आधीपासूनच होती; पण ती लोकांनी आपणहून केलेली असल्यामुळे तिला फलक नव्हता. पुढल्याच वर्षी शाळांना हुकूम आला की रोजचे पहिले चार तास शिक्षण इंग्रजीतच व्हावे. चार तासांनंतर जो काय दिवस उरतो, तो मुलांनी मातृभाषेत घालवावा.

माझ्यावर प्रत्यक्ष संकट आले ते मात्र सरकारकडून नव्हे. कोणी मनुष्य वारला की वार्लपिरी त्याचे नाव उच्चारीत नाहीत. त्याचे छायाचित्र झाकतात, त्याचे घर सोडून देतात, आणि त्याच नावाचे जे जिवंत असतील त्यांना त्यानंतर कुमन्जायी म्हणतात. सुतकाच्या दिवसांत दुकान बंद, कचेरी बंद, सभा रद्द, आणि सर्व गाव शोकस्थळी. हे दुःख मोठे असते आणि वारंवार येते, कारण त्या वस्त्यांत माणसे फार लवकर मरतात. नियमापुढे मान तुकविण्यास माझी मुळीच हरकत नव्हती. प्रश्न खातेवहीचा होता. उधारीच्या वहीतील मृताच्या नावावर मी कागदाची पट्टी चिकटविली. मग त्याच नावाच्या दुसऱ्या दोघांवर चिकटविली आणि तिन्ही जागी कुमन्जायी लिहिले. हिवाळा संपेपर्यंत आणखी काही मृत्यू झाले आणि वहीत कुमन्जायींची संख्या अशी वाढली की एक कुमन्जायी दुसऱ्या कुमन्जायीची उधारी फेडू लागला. शहरातून आलेल्या लेखापरीक्षकाने वही उघडून, हा कुमन्जायी कोण, असा प्रश्न विचारला. काउंटरवरच्या बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. मी म्हणालो, नाव सांगता येणार नाही. त्याने विचारले, का. मी म्हणालो, तेही सांगता येणार नाही. त्याने आपल्या अहवालात जे लिहिले ते लिहिले. परंतु त्या दिवसापासून आजी मला खड्ड्यांबद्दल बोललेल्या नाहीत.

चित्रकलेबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. हिशेबनीस म्हणून एकच नोंद करतो. 1971 साली पापुन्या येथे वृद्धांनी आपल्या पूर्वजकथांची ठिपक्यांची चित्रे फळ्यांवर उतरवावयास आरंभ केला. क्लिफर्ड पॉसम यांनी 1977 साली काढलेले 'वार्लुगुलोंग' हे प्रचंड चित्र एका बँकेने 1200 डॉलरला घेतले आणि ते 2007 साली लिलावात 24 लाख डॉलरला गेले. चित्रकार 2002 सालीच वारले होते. पुनर्विक्रीतला वाटा कलावंताला मिळावा असा कायदा त्यानंतर झाला. मागितल्यावर देण्याची रीत असलेल्या लोकांना 'हिशेबी बना' असे शिकविण्यासाठी मला नेमले होते, हे या आकड्यांच्या शेजारी ठेवून पाहावे.

कार्डिया येतात आणि जातात. बहुतेकांचा मुक्काम एखाददुसऱ्या वर्षाचा. कोणी उन्हाळ्याने जातो, कोणी कुत्र्यांमुळे, कोणी बायकोच्या पत्रांमुळे, आणि जाताना प्रत्येकजण आपली योजना अर्धवट राहिल्याचे दुःख बरोबर नेतो. गावाला हे दुःख होत नाही. नवा आला की त्याला कोठे बसावे, कोणाकडे पाहू नये, किल्ल्या कोठे लपवाव्यात, हे आरंभापासून शिकवावे लागते, आणि तो जरा उपयोगी पडू लागला की त्याची बदली होते. इतक्या विद्यार्थ्यांना इतक्या चिकाटीने आणि इतक्या कमी यशाने शिकविणारी दुसरी संस्था माझ्या पाहण्यात नाही. मी अपेक्षेपेक्षा बराच अधिक काळ टिकलो. मोटारदुरुस्तीवाल्या गृहस्थाने पहिला उन्हाळा संपताच माझा वर्ग बदलल्याचे मला अनौपचारिकरीत्या कळविले होते. आता सौभाग्यवतींच्या प्रकृतीमुळे मेलबर्नला परतणे प्राप्त आहे, आणि माझ्या जागेची जाहिरात निघाली आहे. वाचकांपैकी कोणास अर्ज करावयाचा असल्यास जाहिरातीत पदवी, अनुभव आणि वाहन चालविण्याचा परवाना एवढेच मागितले आहे; ज्या गोष्टी मागितलेल्या नाहीत त्या मी सांगतो. झोप हलकी असावी. जंपर केबल दोन न्याव्यात. योजना नेऊ नये. मामांचे शंभर डॉलर टेबलाच्या डाव्या खणात, तळाशी, पाकिटात आहेत. ते भाच्यांना देऊ नयेत.